चौदा नंबरचा खुंट आणि सहावी वाटी

डॉ. निर्मलाताई चौबळ यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एका वाळूच्या टेकडीवर बसून बटाटेवडा खात होतो. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, बँक हॉलिडेचा सोमवार. लंडनजवळच्या पिनरहून तीन तास गाडी चालवून आम्ही नॉर्फकच्या किनाऱ्यावर पोचलो होतो आणि वारा असा सुटला होता की वड्याला चटणीच्या आधी वाळू लागत होती. म्हणून किनाऱ्यामागची एक उंच, गवताळ टेकडी बघून तिच्या माथ्याजवळ आडोशाला आम्ही चादर अंथरली. मी, माझी पत्नी रश्मी आणि आमची मुलगी ईरा. ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि टेकडीवरून घसरगुंडी खेळण्यात रमली होती. तेवढ्यात जांभळा रेनकोट घातलेल्या, छोट्या चणीच्या एक बाई हातात टेप आणि वही घेऊन वर आल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आपण कोणाच्या डोक्यावर बसला आहात, याची काही कल्पना?"

मी घाईघाईने खाली पाहिलं. खाली कोणी नव्हतं.

"गवताच्या," बाई म्हणाल्या. "उठा. वडा हातातच राहू द्या. सांडलात तर मुंग्या येतील आणि मला त्यांचीही नोंद करावी लागेल."

परदेशात अनोळखी माणसाने आपल्याला मराठीतून झापावं, याचा आनंद काही वेगळाच असतो. आम्ही तिघं मुकाट्याने उठलो. आम्ही मराठी आहोत हे त्यांना कसं कळलं, असं रश्मीने विचारलं. ताई म्हणाल्या, "वड्यांचा वास खाली पाण्यापर्यंत येत होता. आणि तुमचे यजमान वाऱ्यालासुद्धा 'अरे, जरा थांब की' म्हणत होते." मग त्यांनी एक वडा घेतला, उभ्याउभ्या खाल्ला आणि पुढची चाळीस मिनिटं आम्हाला टेकडी कशी होते ते सांगितलं. तो वडा ही माझी गुरुदक्षिणा, असं मी समजतो. ताई तसं समजत नाहीत. त्यांच्या मते मीठ कमी होतं.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या या गौरवग्रंथासाठी मी लिहावं असं ठरल्यावर रीतीप्रमाणे मी ताईंची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "लिहा. पण निम्मं टेकडीवर लिहा. माझ्याबद्दल लोकांना पुरेसं माहीत आहे. टेकडीबद्दल तुमच्या मंडळात कोणाला काही कळत नाही." त्यामुळे गौरव करता करता हा लेख मध्येच वाळूत शिरला तर वाचकांनी माझा नाइलाज समजून घ्यावा. ज्यांना ताईंबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की त्या दापोलीकडच्या, अगदी समुद्रकाठच्या गावातल्या. पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकल्या, संशोधनासाठी केंब्रिजला आल्या आणि आयुष्यभर किनाऱ्यावरच्या वाळूचा आणि त्यात उगवणाऱ्या गवताचा अभ्यास केला. निवृत्त झाल्यावर त्याच किनाऱ्याजवळच्या एका खेड्यात राहायला गेल्या. म्हणजे त्यांनी केंब्रिज सोडलं. काम सोडलेलं नाही.

टेकडी होण्यासाठी काय लागतं, असं ताईंना विचारलं की त्या म्हणतात, "काहीतरी आडवं यावं लागतं." भरतीच्या रेषेवर समुद्र आपली अडगळ टाकून जातो. शेवाळ, लाकडाचा ओंडका, शिंपला, काहीही. किनाऱ्यावरची सुकी वाळू वाऱ्याबरोबर धावत असते. वाटेत हे आडवं आलं की वारा दमतो. "आणि दमलेला माणूस आधी काय करतो?" ताई विचारतात. "हातातलं ओझं खाली ठेवतो." तशी वाळू त्या अडगळीच्या मागे पडते. मूठभर, मग ओंजळभर, मग ढीग. शेवाळ कुजतं, त्याचं खत होतं, त्यात सी-रॉकेट नावाची एक मांसल पानांची जांभळी-पांढरी फुलं येणारी वनस्पती उगवते. खारं पाणी सोसणारं गवत येतं आणि मुळांनी वाळू बांधून ठेवतं. ढीग थोडा उंच झाला की मॅरम येतं. हे गवत मोठं विलक्षण. त्याला वाळूत गाडलं की ते मरत नाही, उलट जोमाने वर येतं. पुन्हा गाडलं, पुन्हा वर. नवी वाळू अंगावर पडायची थांबली की मात्र ते मलूल होतं. कोकणात हे वाळू धरून ठेवण्याचं काम मर्यादवेल करते. ताईंच्या मते मर्यादवेल आडवी पडून काम करते आणि मॅरम उभं राहून, पण कामाला दोघंही सारखीच चोख.

मंडळाशी ताईंचा परिचय मी करून दिला, याचा मला अभिमान आहे, आणि हॉलच्या केअरटेकरला त्याचा राग आहे. त्या भेटीनंतरच्या जानेवारीत आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईंना वीस मिनिटं बोलायला बोलावलं होतं. ताई एक परात, पिशवीभर वाळू आणि हेअरड्रायर घेऊन आल्या. परातीत वाळू पसरली, मधोमध एक तिळाची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "आता बघा." हेअरड्रायर सुरू केला. वडीमागे खरोखरच बोटभर लांबीची एक टेकडी तयार झाली, अगदी शेपटीसकट. उरलेली वाळू पहिल्या तीन रांगांतल्या पैठण्यांवर गेली. पुढे बसलेल्या एका काकू पदर झटकत मला हळूच म्हणाल्या, "लेक्चर एकदम इंटरेस्टिंग होतं हं, पण नेक्स्ट टाइम त्यांना स्लाइड्स आणायला सांग." ताईंनी मात्र कार्यक्रम संपल्यावर स्वतः व्हॅक्यूम क्लीनर मागून घेतला, पूर्ण हॉल साफ केला आणि ती वाळू पुन्हा पिशवीत भरली. ती किनाऱ्याची होती, परत न्यायला हवी होती. इतकं काटेकोर माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता जो प्रसंग लिहायचा आहे तो गौरवग्रंथात शोभतो की नाही, यावर संपादक मंडळात मतभेद होते. सहा संपादकांपैकी चार जण त्या प्रसंगातले आरोपी आहेत. मी तर मुख्य आरोपी. पण तो गाळून ताईंचा गौरव करायचा म्हणजे निव्वळ शाल पांघरण्यासारखं होईल, म्हणून लिहितो.

ताईंनी किनाऱ्यालगत एका ओळीत लाकडी खुंट ठोकले आहेत. प्रत्येकाला नंबर आहे आणि प्रत्येकापाशी वाळू किती वाढली, किती घटली हे दर महिन्याला वहीत लिहिलं जातं. त्या हिवाळ्यात एका वादळाने चौदा नंबरच्या खुंटापाशी टेकड्यांची रांग फोडली आणि तिथे खिंड पडली. खिंडीच्या मागे, दोन टेकड्यांमधल्या खळग्यात गोड्या पाण्याचं एक तळं आहे. जमिनीखालचं पाणी तिथे वर येतं. त्या तळ्यात नॅटरजॅक जातीचे भेक अंडी घालतात. मी त्यांना बेडूक म्हटलं की ताई तीन दिवस माझ्याशी तुटक बोलतात, म्हणून भेक. ब्रिटनमध्ये ते आता मोजक्याच किनाऱ्यांवर उरलेत. पाठीवर पिवळा पट्टा, आकार लिंबाएवढा आणि आवाज लग्नाच्या बँडएवढा. मोठी भरती त्या खिंडीतून आत शिरली असती तर तळं खारं झालं असतं आणि त्यांची वसाहत संपली असती. त्यांच्यासाठी दुसरं तळं जवळपास नाही.

पण वसंतात खिंडीच्या तोंडाशी शेवाळाचा एक मोठा गुंता येऊन पडला. त्यामागे वाळू जमली. सी-रॉकेट उगवलं. ऑगस्टमध्ये तिथे गुडघाभर उंचीची, फुलं आलेली टेकडी होती. ताई तिला बाळ म्हणत. दर चार दिवसांनी तिची उंची घेत आणि मला फोनवर सांगत. मी प्रत्येक वेळी "अरे वा" म्हणत असे आणि कुठल्या टेकडीबद्दल बोलणं चाललंय याची मला नेमकी कल्पना नसे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ताई तीन आठवडे पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "चौदा नंबरच्या टेकडीकडे लक्ष ठेवा. तिच्यावर कोणाचा पाय पडता कामा नये."

"तुम्ही निर्धास्त जा," मी म्हणालो.

सप्टेंबरात ताईंचा त्र्याहत्तरावा वाढदिवस होता. त्या परत येतील तेव्हा त्यांचा लाडका किनारा लख्ख झालेला दिसावा, अशी कल्पना माझ्या डोक्यातून निघाली. चौतीस जणांनी नावं दिली. मोठी बस ठरवली. घराघरांतल्या बागेतले रेक म्हणजे दाताळी, फावडी आणि काळ्या पिशव्या गोळा झाल्या. त्या किनाऱ्याची देखरेख करणारे वॉर्डन ग्रॅहम यांनी फोनवर प्लॅस्टिक उचलायला आनंदाने परवानगी दिली, आणि ते सुट्टीवर गेले. आमचे शरदकाका निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे हेल्थ अँड सेफ्टी त्यांच्याकडे. मी त्यांना चौदा नंबरच्या खुंटामागची ती उंच टेकडी दाखवली आणि म्हणालो, "काका, ही ताईंची स्पेशल टेकडी. हिच्यावर कोणी चढायचं नाही." काकांनी तिच्याभोवती दोर बांधला, चमकदार पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट घातलं आणि दिवसभर खुर्ची टाकून तिचा पहारा केला. एकदा तर त्यांनी दोर ओलांडणाऱ्या एका लॅब्रेडॉरला मराठीत दटावलं.

तिच्या पुढ्यात आम्ही बाकीचे तेहतीस जण किनारा साफ करत होतो. प्लॅस्टिक अर्ध्या तासात संपलं. पुण्या-मुंबईची माणसं तीन तास प्रवास करून आलेली, एवढ्यावर थांबतात कुठे? शेवाळाला वास येत होता, त्यावर माश्या होत्या. "हे सगळं रॉटन आहे हो," कोणीतरी म्हणालं आणि आम्ही शेवाळ उचललं. मग ओंडके. मग शिंपले. दुपारपर्यंत किनारा असा झाला की पाट मांडून पंगत बसवावी. मधोमध एक वाळूचा ढीग तेवढा राहिला होता, वर कसलंसं जांभळ्या फुलांचं तण. "मिलिंद, हा ट्रिप हॅझर्ड आहे बरं का, सीनियर लोक अडखळतील," काका पहाऱ्यावरून ओरडले. ढीग मी सपाट केला. फावडं माझ्याच हातात होतं. मग आम्ही चहा घेतला, चिवडा खाल्ला, 'हॅपी बर्थडे ताई' म्हणत व्हिडिओ काढला आणि घरी आलो. घरी आल्यावर भांडी काढताना रश्मी म्हणाली, "लग्नातल्या सहा वाट्या नेल्या होत्या, पाचच आल्यात. सहावी कुठे गेली?" मला काय माहीत सहावी वाटी कुठे गेली. मी कृतार्थतेच्या भरात होतो.

ताई परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "मिलिंद, इकडे या." मी व्हिडिओ तयार ठेवून निघालो. किनाऱ्यावर पोचलो तर ताई चौदा नंबरपाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि सपाट वाळूवर तळहात ठेवून होत्या. "बाळ गेलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा हात जिथे होता ती जागा मी ओळखली. राखण आम्ही मागच्या उंच टेकडीची, म्हणजे आजोबांची केली होती.

"कोणीतरी मुद्दाम साफ केलंय," ताई म्हणाल्या. "कोणी केलं असेल?"

मी फोन खिशात घातला. "कौन्सिलने ट्रॅक्टर फिरवला असेल," मी म्हणालो. आजवर मी बोललेल्या वाक्यांपैकी या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्याच दुपारी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की व्हिडिओ सर्वांनी डिलीट करावा आणि ताईंना कोणीही काही सांगू नये. तेहतीस अंगठे आले. मला वाटलं, विषय संपला. ताईंनी मात्र मला दर रविवारी पत्रं टाइप करायला बोलावणं सुरू केलं. पत्रं कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, जायची होती. ताई मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. एरवी ताई ज्या विषयावर लिहीत त्यात एक शब्द फालतू नसे. या पत्रांत मात्र त्या अनोळखी गुन्हेगाराबद्दल फारच तपशील असत. "लिहा. हा इसम सुशिक्षित असावा. किंबहुना त्याला संगणकाची पदवीही असू शकेल. तरी त्याला ढीग आणि टेकडी यांतला फरक कळत नाही." मी लिहिलं. "लिहा. त्याला बहुधा एक मुलगी असेल. मोठी झाल्यावर तिने भेक पाहायला मागितले तर हा काय दाखवणार आहे?" माझी बोटं कीबोर्डवर अडखळत. "काय झालं?" ताई विचारत. "स्पेलिंग," मी म्हणत असे. अशी अकरा पत्रं झाली. प्रत्येक पत्र मी दिलं की ताई ते वाचत, घडी घालत आणि "मी टाकते पेटीत" म्हणत.

त्यांच्या मायेचा एक अनुभव इथे सांगितलाच पाहिजे. या रविवारांना बाकीचे स्वयंसेवकही येत. सगळ्यांना ताई चिवडा कागदी कपातून देत, मला मात्र नेहमी स्टीलच्या वाटीतून. वाटी कायम तीच. एकदा शरदकाकांनी ती उचलली तर ताई म्हणाल्या, "ती मिलिंदची. तिला हात लावू नका." मी घरी जाऊन रश्मीला मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. रश्मी म्हणाली, "छान. आणि आपली सहावी वाटी?"

खिंड उघडी होती. माझं मन खात होतं, आणि मन खायला लागलं की मी कामाला लागतो. ग्रॅहम यांच्याकडून मला कळलं की टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं वाळूत ओळीने अर्धी पुरली की त्यांच्या फांद्यांत वाळू अडकते. तशी ती पुरण्याची रीत इथल्या काही किनाऱ्यांवर आहे. ख्रिसमस संपला की पिनरमध्ये लोक आपली झाडं फुटपाथवर ठेवतात. जानेवारीत मी दारोदार जाऊन ती मागायला लागलो. शेजारच्या गल्लीतल्या बाईंनी मला तीन वेळा झाड उचलताना पाहिलं आणि रश्मीला विचारलं की आमच्याकडे सरपणाची काही अडचण आहे का. गाडीत काट्यांसारखी पानं इतकी रुतली की दिवाळीतसुद्धा रश्मीच्या साडीला टोचत होती. ईरा म्हणाली, "बाबा, आपला कार एकदम ख्रिसमससारखा स्मेल करतो, मला आवडतो." झाडं पुरायला चौतीसपैकी तीस जण आले. ज्यांनी रेक चालवले होते त्यांनीच चर खणले आणि एकाही माणसाने पाठीची तक्रार केली नाही. ताई घडीच्या खुर्चीवर बसून सूचना देत होत्या, "जवळ नको, वारा पूर्ण अडवायचा नाही, नुसता दमवायचाय." मार्चमध्ये आम्ही मॅरमची रोपं लावली. उन्हाळ्यात झाडांचे फक्त शेंडे दिसत होते. बाकीचा भाग वाळूने गिळला होता.

तरी ते पुरेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. गेल्या डिसेंबरात उत्तरेचा वारा आणि मोठी भरती एकाच दिवशी येणार असा इशारा आला. भरती दुपारची होती. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "येऊ नका. येऊन तुम्ही काय समुद्राला ईमेल करणार?" मी ऑफिसला सुट्टी टाकून गेलो. पादचाऱ्यांसाठीच्या लाकडी वाटेवर ताई, ग्रॅहम आणि मी उभे होतो. ताईंच्या हातात वही होती. पाणी पहिल्या ओळीच्या झाडांवरून आलं. दुसऱ्या ओळीतली काही झाडं उखडून पाण्यावर तरंगायला लागली. ग्रॅहम यांनी टोपी काढून हातात घेतली. तिसऱ्या ओळीपाशी पाणी थांबलं, पुढे आलं, परत थांबलं. ताई दर मिनिटाला काहीतरी लिहीत होत्या. ती लाट आत गेली असती तर त्यांचं सगळं काम आणि ते तळं एका दुपारी संपलं असतं, आणि ते मी केलेलं असतं. मला फावडं दिसत होतं, दुसरं काही दिसत नव्हतं.

मग पाणी उतरायला लागलं. ग्रॅहम म्हणाले, "वेल, दॅट्स दॅट," आणि तळं पाहायला मागे गेले. ताईंनी वही मिटली.

"ताई, ते मी केलं," मी म्हणालो. "बाळ. ट्रॅक्टर नव्हता. मीच होतो, माझ्या हातात फावडं होतं. तुमच्या वाढदिवसासाठी." त्रेचाळीस वर्षांचा माणूस भर वाऱ्यात हमसून रडत होता.

ताईंनी पिशवीतून थर्मास काढला, मग वाटी काढली आणि तीत चिवडा भरून माझ्यापुढे धरली. "आधी खा," त्या म्हणाल्या. मी खाल्ला. "आता वाटी उलटी करा."

वाटीच्या बुडावर बारीक टिंबटिंबांनी कोरलेलं होतं: 'चि. मिलिंद व चि. सौ. कां. रश्मी यांस विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट, मालूआत्या.'

सव्वा वर्ष मी माझ्याच नावावर चिवडा खात होतो.

"पुण्याहून आले त्या संध्याकाळीच मला पाच जणांनी व्हिडिओ पाठवला," ताई म्हणाल्या. "शरदरावांनी तर दुसऱ्या दिवशी दुपारी 'ताईंना कळवू नये' या तुमच्या सूचनेसकट पुन्हा फॉरवर्ड केला."

"मग कौन्सिलला ती अकरा पत्रं?"

"कौन्सिलला कशाला? त्यांनी काय केलंय? पत्रं ज्याला पोचायची त्याला पोचत होती." त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि पदराने पुसावी तशी रेनकोटाच्या टोकाने पुसली. "दुसऱ्या दिवशी मी खिंडीत गेले तेव्हा रागाने माझं डोकं फुटत होतं. तुमचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलं होतं. तुम्ही सगळं उचललं होतंत, काडीसुद्धा ठेवली नव्हतीत. एवढी एक वाटी तेवढी राहिली होती, वाळूत तिरकी रुतलेली. आणि तिच्या मागे मूठभर वाळू जमली होती. मोजली मी. बोटभर उंच होती. म्हटलं, याच्याही आडोशाला वाळू जमतेय. बोलवावं याला."

त्यांनी वाटी पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "आणि स्पेलिंग सुधारा तुमचं."

या वसंतात तळ्याकाठी भेकांनी जो गोंगाट केला तो ऐकायला आम्ही चौतीसच्या चौतीस जण गेलो होतो. ईराने कानांवर हात ठेवले आणि कोणालाही न विचारता म्हणाली की इथे दर वर्षी यायचं. चौदा नंबरला आता कमरेएवढी टेकडी आहे आणि माथ्यावर मॅरम धरलंय. किनाऱ्यावरचं शेवाळ कोणी उचलायला गेलं तर शरदकाका खुर्ची घेऊन धावतात. वाटी मी परत मागितली, रश्मीच्या वतीने. ताईंनी दिली नाही. पुढच्या माणसाला लागेल म्हणाल्या.

ताईंना या प्रसंगी काय द्यावं, यावर पुष्कळ चर्चा झाली. मॅरमची टेकडी पिकून तिच्यावर शेवाळी आणि दगडफुलं येतात, ती राखाडी होते आणि मग कुठे तिला स्थिर म्हणतात. त्याला एक माणसाचं आयुष्य लागतं. चौदा नंबरची टेकडी नुकती कुठे चालायला लागली आहे. तिची दर महिन्याची उंची वहीत चढवायचं काम ताईंनी अजून दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही आणि आमच्यापैकी कोणी ते मागायच्या लायकीचं नाही. तेव्हा ताईंना अजून निदान पन्नास वर्षं धडधाकट गुडघ्यांनिशी इथे असणं भाग आहे. त्याला आमचा इलाज नाही, आणि त्यांचाही नाही.

म्हणून आम्ही वाटीच द्यायची ठरवली. पुण्याच्या तुळशीबागेतल्या भांडेवाल्याला मी फोनवर मजकूर सांगितला. त्याने विचारलं, "बाईंचं वय काय?" मी म्हणालो, "पंच्याहत्तर." तो म्हणाला, "मग 'श्रीमती' टाकतो. 'चि.' लहान मुलांना लिहितात, साहेब." मला ते ठाऊक होतं. मी त्याला म्हणालो, "नाही, 'चि.'च टाका. विचार करून सांगतोय." त्याने तसंच कोरून पाठवलं आहे, आणि ती वाटी आज आमच्या सगळ्यांच्या वतीने त्यांच्या हातात देताना मी ती आधी उलटी करून दाखवणार आहे: 'चि. निर्मलाताई यांस सप्रेम, चौतीस अपराधी.'